घट

पहिले अकरा दिवस नुसतं पाणी.
पिपेटमध्ये घ्यायचं, तराजूवर सोडायचं,
आकडा वहीत उतरवायचा.
परत पाणी.

इंगवले मॅडम म्हणाल्या होत्या, पीएचडीचं पहिलं वर्ष हाताचं,
प्रश्न पुढच्या वर्षी विचारा.
तारदाळे सर तेवढंही बोलत नाहीत.
"शंभर मायक्रोलिटर म्हणजे शंभर मिलिग्रॅम.
अठ्ठ्याण्णव आलं तर अठ्ठ्याण्णव लिहायचं.
बघितल्याबिगर शंभर लिहिणारी पोरं
मी इथनं घरी पाठवलीत."

मी हुपरीची.
आमच्या तराजूलाही काचेची पेटी असते,
वजन करताना पंखा बंद
आणि श्वास तोंड बाजूला करून.
किती चांदी आली, किती घुंगरं गेली,
मधली घट बाबा वेगळ्या रकान्यात मांडतात.
रात्री उंबऱ्यापर्यंत झाडून
केर डब्यात भरून ठेवतात,
वर्षाला त्यातनंही चांदी निघते.
हे मी वर्गात कुणाला सांगितलं नाही.

सोमवारी संख्याशास्त्र.
पी-मूल्य शून्य पूर्णांक शून्य सहा आलं
की बाकांवरून उसासा उठतो,
ठरत आलेलं लग्न मोडल्यासारखा.

वहीत खाडाखोड चालत नाही.
चुकलं तर एकच आडवी रेघ,
खालची चूक वाचता आली पाहिजे,
शेजारी सही, तारीख.

मार्चमध्ये माझ्या पेशी मेल्या.
फ्लास्कमध्ये ढग, भिंगाखाली कापूस,
नऊ आठवडे गेले बुरशीच्या पोटात.
लिहिलं : दूषित. कारण माहीत नाही.
सायबर चौकात उभ्यानं चहा घेतला, गोड लागला नाही.
परत येऊन
'कारण माहीत नाही'वर एक रेघ मारली.
शेजारी लिहिलं : रात्री दोन वाजता
हातमोजे बदलले नव्हते.
सही. तारीख.
सरांनी पान पाहिलं, उलटलं,
आणि दुसऱ्या दिवशी मला
नव्या पेशींची कुपी दिली.

मग जून. रक्तातलं लोह मोजायचं,
शिरोळकडच्या एका वाडीत
वीस बायका, चार पानी संमतिपत्र.
चंपाक्का मगदूम ओसरीवर शेंगा फोडत होत्या.
"वाच की सगळं.
मला कुठं यष्टी गाठायचीय?"
वाचलं. नमुना किती, कुठं साठवणार,
नाव कुणाला कळणार नाही.
सहभाग ऐच्छिक आहे.
"ऐच्छिक म्हंजे?"
"म्हणजे नको वाटलं तर नको म्हणायचं."
"आन् कारण?"
"सांगायचं नाही."
"आसं कागदावर लिवलंय?"
बोट ठेवून दाखवलं, तिसरं पान, वरून पाचवी ओळ.
त्यांना वाचता येत नव्हतं,
तरी ओळीवर बोट फिरवत राहिल्या,
कापडाचा पोत बघावा तसं.

"चाळीस वरसं झाली या घरात येऊन,
न्हाई म्हणायचा कागद कुणी आणला न्हवता."
मग शेंगांचं सूप खाली ठेवून,
अगदी हलक्या आवाजात,
जणू पहिल्यांदा चव घेत :
"मग नको."

सुई पिशवीतच राहिली.
नीतिशास्त्राच्या तासाला या ओळीवर
दोन गुणांचा प्रश्न होता,
मला दोन्ही मिळाले होते.
त्यांनी ताक दिलं, मीठ जरा जास्त.
मी कारण विचारलं नाही.
विचारायची फार इच्छा होती.

परतताना गाडीत बर्फाचा डबा मांडीवर,
गुडघे बधिर.
बाबांचा फोन, मागं मशिनची घरघर.
"किती भरलं आज?"
"वीस धरले होते. एकोणीस आले."
"एक घट?"
"एक."
मशिन थांबलं.
"मांडलीस न्हवं?"
"मांडली."
"बरं," म्हणाले,
आणि घरघर पुन्हा सुरू झाली.